बटणाची जेवणाची खुर्ची

मित्रांनो, मी केस कापायच्या दुकानातली, लहान मुलांना बसवायची जुनी उंच खुर्ची आहे. आयुष्यात मी रडणंच जास्त ऐकलं. माझ्यावर बसवलं की पोरं भोकाड पसरायची आणि कात्री दिसली की दुप्पट. त्यामुळेच माझा स्वभाव सोशिक झाला असावा.

मला घडवलं एका सुताराने. त्याचा मुलगा केस कापताना असा वळवळायचा की दुकानाच्या थोरल्या मालकांनी त्याच्यापुढे हात टेकले होते. सुतार म्हणाला, "थांबा, याला जागेवर बसवणारं काहीतरी करून देतो." शाळेतून मोडीत निघालेल्या बाकांचं जाड लाकूड त्याने आणलं आणि मुलाला भुशाच्या पोत्यावर बसवून माप घेतलं. मला उंच पाय मिळाले, पाठीला ताठ टेकू मिळाला आणि पुढे एक दांडी मिळाली, एका बाजूने उघडून दुसऱ्या बाजूला खटकन अडकणारी. त्या दांडीवर त्याने मुलांना धरायला घोड्याचं डोकं कोरलं. कोरताना हात जरा घसरला आणि घोड्याचा एक कान आखूड राहिला. पण डोळ्यांत पाणी असताना घोड्याचे कान कोण बघतो?

पुष्कळ वर्षं मी मानाने उभी होते, आरशासमोर, खिडकीच्या उजेडात. आया म्हणायच्या, "ही खुर्ची आहे म्हणून जमलं, नाहीतर याने दुकान डोक्यावर घेतलं असतं." थोरल्या मालकांच्या मुलाचे पहिले केसही माझ्यावरच बसून कापले गेले. तोही रडला. पुढे तो मोठा झाला, कात्री त्याच्या हातात आली, आणि आता तेच माझे मालक आहेत.

मग पलीकडच्या गल्लीत एक चकचकीत दुकान निघालं. तिथे मुलांना मोटारीच्या आकाराची खुर्ची होती आणि समोर हलती चित्रं. पोरं तिकडे वळली. मला आधी भिंतीकडे सरकवलं आणि माझ्यावर ओले टॉवेल वाळत पडू लागले. नंतर माझी रवानगी झाली दुकान आणि घर यांच्या मधल्या बोळकांडीत. मांडीवर शाम्पूचे कॅन, पाठीला टेकवलेला झाडू. मालकीणबाई येता-जाता म्हणायच्या, "अहो, ही भंगारात तरी द्या. रोज गुडघ्याला लागते." मालक म्हणायचे, "देऊ, देऊ." पण दिलं मात्र नाही.

त्या बोळकांडीचं एक दार दुकानात उघडायचं आणि दुसरं स्वयंपाकघरात. दोन्हीकडचं बोलणं माझ्या कानावर पडायचं, थोडंफार दिसायचंही, म्हणून पुढची हकिगत मला ठाऊक आहे.

मालकीणबाई शाळेच्या मुलांची गाडी चालवतात. त्यांची मुलगी एकुलती एक. तिला घरात बारकी म्हणतात, जरी ती आता आईच्या खांद्याला लागते. या बारकीला कुत्रं हवं होतं. मालकांचं उत्तर ठरलेलं असायचं, "दिवसभर मी लोकांचे केस झाडतो. संध्याकाळी घरात येऊन कुत्र्याचे झाडू?" बारकी वाद घालायची नाही. नुसती गप्प बसायची, आणि तिचं गप्प बसणं वादापेक्षा जड जायचं. शेवटी एके दिवशी मायलेकी गाडी घेऊन बेवारस जनावरांच्या निवाऱ्यात गेल्या आणि येताना एक पिल्लू घेऊन आल्या.

तपकिरी अंग, पांढरे पंजे, आणि नाक तर कोटाला शिवलेल्या काळ्या बटणासारखं. त्याचं नावच बटण पडलं. आल्या आल्या त्याने माझ्या पायाशी शू केली, झाडूशी भांडण काढलं, आणि मालकांच्या चपलेवर डोकं टेकून झोपून गेलं. मालकांना दुकानात जायचं होतं. ते एक चप्पल घालून गेले.

जेवायला दिलं की बटण ताटली लखलखीत करायचं. पण थोडं इकडेतिकडे हिंडलं की मान खाली घालायचं आणि सगळं अन्न जसंच्या तसं बाहेर यायचं. ना उमासा, ना आवाज. पिशवी उपडी करावी तसं. आणि मग ते बिचारं सगळ्यांकडे असं बघायचं, की माझं जेवण कुणी काढून घेतलं?

दुकानात एक ठरलेलं गिऱ्हाईक यायचं, निवृत्त झालेले एक आजोबा. त्यांना सगळे रेडिओ म्हणत, कारण एकदा सुरू झाले की बातम्या संपल्याशिवाय थांबत नसत. ते म्हणाले, "जंत असणार." जंतांचं औषध झालं. मग म्हणाले, "हावरट आहे, हळू खायला शिकवा." मग म्हणाले, "दात येत असतील."

मालक म्हणाले, "रेडिओ, एकदा काय ते स्टेशन लावा."

थट्टा चालू होती, पण पिल्लू वाळत चाललं होतं. पोट खपाटीला गेलं, बरगड्या वर आल्या. त्याच्या बरोबरीची पिल्लं धावायला लागली असतील, तेव्हा ते उंबरठा चढताना थांबून दम घ्यायचं. बारकी त्याला मांडीवर घेऊन बसायची आणि त्याच्या पोटावर हात ठेवून वाट बघायची. हाताखालून अन्न निघून जायचं.

एका सकाळी बटणाला खोकला सुरू झाला. अंग तापलं होतं आणि श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मालक तेव्हा रेडिओंचे केस कापत होते. त्यांनी कात्री खाली ठेवली, धुतलेली चादर ओढली, पिल्लाला तिच्यात गुंडाळलं आणि बारकीला घेऊन निघाले. रेडिओंचं अर्धं डोकं कापलेलं, अर्धं तसंच. पण तो माणूस दुसरीकडे गेला नाही. दुपारपर्यंत तसाच बसून राहिला. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "पिल्लू आजारी आहे. मी दुकान सांभाळतोय."

मालक परतले ते रिकाम्या हातांनी. बटणाला दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. मालकीणबाई गाडी लावून धावतच आत आल्या. "काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?"

 मालक डोकं धुवायच्या बेसिनजवळ गेले आणि तिथली रबरी नळी हातात घेतली. "हे बघ. आपण घास गिळतो ना, तेव्हा गळ्यातली नळी त्याला ढकलत ढकलत पोटात नेते. बटणाची नळी ढिली आहे, जन्मापासूनच. ती ढकलतच नाही." त्यांनी नळी बेसिनच्या काठावर आडवी धरली. "आडवी असली की अन्न मधेच साचतं. मग बाहेर येतं, नाहीतर चुकून फुफ्फुसात जातं. हा खोकला त्याचाच." मग त्यांनी नळी उभी केली, तेव्हा तिच्यातलं उरलेलं पाणी भळकन खाली गेलं. "उभी असली की आपोआप उतरतं. त्याला माणसासारखं ताठ बसवून भरवायचं, आणि भरवून झालं की अन्न उतरेपर्यंत तसंच बसवून ठेवायचं. प्रत्येक वेळी. पाणीसुद्धा दाट करून."

"किती दिवस?"

"दिवस नाही. कायमचं. मोठं होताना काहींची नळी थोडी सुधारते म्हणे. सगळ्यांची नाही."

मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, मी गाडीवर, तुम्ही कात्रीवर. दिवसातून इतक्यांदा त्याला उभं धरून कोण बसणार?"

बटणाचं दुखणं कळल्यावर निवाऱ्यातून मालकांना फोन आला. तिथली माणसं भली होती. असा आजार आहे हे आम्हालाही ठाऊक नव्हतं, तुम्हाला झेपणार नसेल तर परत आणून द्या, आम्ही दुसरं पिल्लू देऊ, असं ते म्हणाले. बोलणं संपवून मालक बोळकांडीत आले. बारकी माझ्या पायाला टेकून जमिनीवर बसली होती.

"बाबा, आपण त्याला परत देऊया."

मालक चपापले. "तूच तर इतके दिवस मागे लागली होतीस."

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?"

"की ते मरेल."

मालक तिच्या शेजारी उकिडवे बसले. "मरेलच असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत."

"मरणार नाही असंही नाही म्हणाल्या."

"नाही म्हणाल्या," मालक म्हणाले. ते मुलीशी खोटं बोलत नाहीत.

"मग मला त्याचा लळा लावून घ्यायचा नाही."

"लागायचा राहिलाय का अजून?"

बारकी उठून आत निघून गेली.  मालकीणबाई दारात येऊन म्हणाल्या, "काय ठरवलंत? तुम्हाला तर मुळात कुत्रं नकोच होतं."

"कुत्रं मला अजूनही नकोय," मालक म्हणाले. "पण हे आता कुत्रं कुठे राहिलंय? हे बटण आहे."

मालकीणबाईंनी बटणाची ताटली घासायला घेतली.

बटण घरी आलं, आणि त्याला ताठ बसवायचे प्रयोग सुरू झाले. मालकांनी त्याला गुडघ्यांत धरून पाहिलं, तर ते साबणासारखं खाली घसरलं. बादलीत बसवलं, तर बादलीसकट लवंडलं. गिऱ्हाइकांच्या मोठ्या खुर्चीत बसवलं, तेव्हा ती गोल फिरली आणि भरवलेला घास मालकांच्या शर्टावर आला. चिडून ते बोळकांडीत कापड आणायला आले आणि अंधारात माझ्यावर गुडघा आपटला.

गुडघा चोळत ते उभे राहिले. माझ्याकडे बघत राहिले. मग एकेक करून त्यांनी माझ्यावरचे कॅन खाली उतरवले.

दुसऱ्या दिवशी मला पुन्हा दुकानात, उजेडात नेलं. मालकांनी करवत आणली. पिल्लाच्या मापाने माझी दांडी खाली घ्यायची होती, म्हणजे ती बरोबर त्याच्या छातीशी येणार होती. करवत लागली तेव्हा मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? या वयात शरीरावर हत्यार नको वाटतं. मालकीणबाईंनी गाडीच्या जुन्या सीटचा स्पंज आणला, माझ्या दोन्ही बाजूंना शिवून बसवला, आणि मागे पट्टा जोडला. "यात पोरं हलत नाहीत, हे काय हलणार," त्या म्हणाल्या.

बटण माझ्या मांडीवर बसलं. मागचे पाय खाली, पुढचे पंजे दांडीवर, पाठ ताठ, जणू साहेब दाढी करायला आले आहेत. आणि ऐका, ते रडलं नाही. त्याने वळून माझा वास घेतला आणि घोड्याचा आखूड कान चघळायला सुरुवात केली.

पातळ जेवण बाहेर आलं. अगदी दाटही आलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, काय उतरतं ते त्यालाच विचारत जा. विचारता विचारता कळलं, की मऊ, बोराएवढे छोटे गोळे त्याला मानवतात. मालक एकेक गोळा द्यायचे आणि मग बारीक दातांच्या कंगव्याने त्याची मान विंचरत उभे राहायचे. कंगवा फिरला की बटण डोळे मिटून ताठ बसायचं, आणि तेवढ्यात अन्न आपल्या वाटेने जायचं. झोपताना त्याच्या गळ्याभोवती टॉवेलची जाड गुंडाळी बांधायची, म्हणजे मान वर राहते, ही युक्तीही दुकानातलीच. दुकानात अर्धी दाढी झालेली माणसं फेस वाळेपर्यंत थांबायची. कुणी कुरकुरलं तर इतर गिऱ्हाइकंच त्याला गप्प करायची.

आणि बारकी? ती बोळकांडीच्या दारात उभी असायची. हातात पुस्तक, नजर पुस्तकात. जवळ यायची नाही, हात लावायची नाही. बटण शेपूट हलवायचं तेव्हा पान उलटायची. पण मधूनच तिचा आवाज यायचा, "त्याची पाठ वाकडी झालीय." मालक पाठ सरळ करायचे. 

बटणाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आता सुटलो असं वाटत होतं, तेवढ्यात घात झाला. रेडिओंना पिल्लाची फार माया. एकदा मालकांची पाठ वळलेली असताना त्यांनी खिशातून बिस्किट काढून जमिनीवरच्या बटणापुढे धरलं. एवढंसं तर आहे, त्याने काय होतंय, असं त्यांना वाटलं. बटणाने ते गपकन गिळलं. दोन दिवसांत पुन्हा तोच खोकला, तोच ताप, पुन्हा दवाखाना. रेडिओंना कळलं तेव्हा ते उठले आणि निघून गेले. नंतर यायचेच थांबले.

या खेपेला बटण घरी आलं ते टॉवेलसारखं लोंबत. औषध चालू होतं, पण पोटात काहीतरी जायला हवं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मालकांनी त्याला माझ्या मांडीवर बसवलं, पट्टा लावला, गोळा पुढे केला. बटणाने तोंड फिरवलं. मालकीणबाईंनी देऊन पाहिला. त्याने डोळेच मिटून घेतले. इतकी मुलं माझ्यावर बसली, पण इतकं हलकं ओझं मी कधी उचललं नव्हतं. मालकांचा हात तसाच पुढे राहिला. बोटांत गोळा.

"बाबा, सरक."

बारकी दारातून आत आली होती. पुस्तक तिने खिडकीत ठेवलं. "तू हात फार वर धरतोस. त्याला तिथून आवडत नाही."

"मग कुठून?"

तिने गोळा घेतला आणि घोड्याच्या आखूड कानाजवळ धरला, जिथे बटण रोज चघळायचं तिथे. "ते आधी कान चाटतं. मग खातं. रोज तसंच करतं ते."

बटणाने डोळे उघडले. समोर बारकी होती. त्याची शेपटी माझ्या फळीवर एकदा आपटली. मग त्याने जीभ बाहेर काढली, घोड्याचा कान चाटला, आणि कानाशेजारचा गोळा तोंडात घेतला.

 बारकीचा एक हात त्याच्या मानेवर होता. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण हात स्थिर होता.

"उतरला का?" मालकीणबाईंनी हळूच विचारलं.

"थांब ना, आई."

तो गोळा परत आला नाही. दुसराही आला नाही. तिसरा देऊन झाल्यावर बारकीने कंगवा मागितला. मालकांनी तो दिला आणि ते आरशाकडे तोंड करून उभे राहिले. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. तो कसा होता ते मी सांगणार नाही. मालकांचं तेवढं मला राखायला हवं.

बटण हळूहळू सावरलं. मग मालक स्वतः रेडिओंच्या घरी गेले आणि त्यांना दुकानात घेऊन आले. रेडिओ दारातच घुटमळले. बारकी म्हणाली, "आजोबा, या ना. तुम्ही त्याला हवं तर भरवा. पण इथे बसवूनच. आणि तेव्हा बोलायचं नाही, ते मान वळवतं." रेडिओ माझ्यासमोर स्टुलावर बसले. बटणाचं सगळं जेवण होईपर्यंत त्यांच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही. दुकानातल्या माणसांनी असा चमत्कार कधी पाहिला नव्हता.

मित्रांनो, बटण बरं झालं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. त्याची नळी वयाबरोबर किंचित सुधारली, पण ढिली ती ढिलीच. अजूनही एखाद्या दिवशी जेवण बाहेर येतं, एखाद्या थंडीत छाती भरते, आणि घरात सगळ्यांचे आवाज बारीक होतात. पण ते वाढलंय, धिप्पाड झालंय. त्याच्यासाठी मला पुन्हा एकदा करवत लागली, या वेळी बैठक खाली घ्यायला. आता ते हाक मारायची वाट बघत नाही. जेवणाची वेळ झाली की स्वतःच येऊन माझ्यावर चढतं आणि पट्टा लावायला कुणी का आलं नाही, म्हणून भुंकतं.

परवा डॉक्टरीणबाईंनी एका तरुण बाईला आमच्याकडे पाठवलं. तिच्या पिशवीत एक काळं, हाडकुळं पिल्लू होतं. दुखणं तेच. तिने माझी उंची मोजली, पट्टा ओढून पाहिला. बारकी तिला सगळं दाखवत होती. आधी पाठ सरळ, मग घास, मग वाट बघायची. ऐकता ऐकता त्या बाईने पिल्लाला जवळ ओढलं. "जगेल ना गं हे?"

 "ते मला नाही माहीत," बारकी म्हणाली. "पण आज जेवेल. बसवा त्याला."

मी म्हातारी खुर्ची, मी तुम्हाला काय शिकवणार? पण एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणी दुबळं, कुणी दुखणाईत असेल, माणूस असो की मुका जीव, तर त्याला परत देण्याचा विचार मनात आला म्हणून स्वतःला वाईट समजू नका. भीती सगळ्यांनाच वाटते. पण दारात उभे राहू नका, जवळ या. घास भरवायला फारसं काही लागत नाही. तो खाली उतरेपर्यंत शेजारी थांबावं लागतं, तेवढं मात्र करा.

आता मी बोलणं आवरतं घेते. बटण माझ्या मांडीवर आहे, नुकतंच जेवलंय, आणि त्याला डुलकी लागत्येय.